सगळ्यात गुळगुळीत दात

"फोटो उलटा धरलायस का?" हेर्लेकर सरांनी विचारलं.

"नाही सर. सुलटाच आहे."

"मग हे काय आहे?"

"दात आहे सर. तुमच्या पद्धतीनं घासलेला. पॉलिशसुद्धा शेवटच्या पायरीपर्यंत केलंय."

सरांनी चष्मा एप्रनच्या टोकाला पुसला आणि फोटो खिडकीपाशी नेला. उजेडात नेऊन काही फरक पडणार नव्हता. फोटोभर नुसत्या चऱ्या होत्या, एकीशेजारी एक, फणीनं ओढल्यासारख्या. तोच दात माझ्या एप्रनच्या खिशात डबीत होता. नुसत्या डोळ्यांना तो लखलखीत दिसत होता आणि नख फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं. आदल्या दिवशी मी तो विद्यापीठात नेऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला होता, आणि त्या यंत्रानं आमची पार अब्रू काढली होती.

"पॉलिश कुणी केलं?"

"मीच केलं."

"मग नीट केलं नसशील."

"तुम्ही शेजारी उभे होतात सर."

हे मी जरा फटकन बोलले. माझं तोंड तेव्हाही असंच होतं. पण सर रागावले नाहीत. ते खुर्चीत बसले, फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "ऋजूच्या दातांना मी हेच केलंय."

ही गोष्ट मी एम.डी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाची. आता तिला पंधरा-सोळा वर्षं झाली. आमचं डेंटल कॉलेज गावाबाहेर उसाच्या मळ्यांमध्ये होतं, आणि तारा लावून दात सरळ करण्याच्या विभागात मी हेर्लेकर सरांच्या हाताखाली शिकत होते. दात वाकडे येतात ते बहुतेक वेळा जबड्यात जागा कमी पडते म्हणून. तिघांच्या बाकावर चौथा बसवायचा तर एकाला उठवावं लागतं, नाहीतर सगळ्यांनी अंग चोरून बसावं लागतं. दातांचंही तेच. एकतर चांगला दात उपटायचा, नाहीतर सगळ्या दातांच्या बाजू किंचित घासून त्यांना थोडं थोडं बारीक करायचं. सर दुसऱ्या पंथाचे. हेर्लेकर कुणाचा दात उपटत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती, आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आयाबाया मुलींना घेऊन त्यांच्याकडे यायच्या. बारीक डिस्कनं घासायचं, मग एकाहून एक मऊ पट्ट्यांनी पॉलिश करायचं, अशी त्यांनी स्वतः बसवलेली पद्धत होती. त्या पद्धतीनंतर दाताचा पृष्ठभाग कसा राहतो, हाच माझ्या प्रबंधाचा विषय होता. विषय सरांनीच दिला होता. उत्तर त्यांना ठाऊक होतं, मी ते फक्त सिद्ध करून आणायचं होतं.

आणि ऋजुता त्यांची एकुलती एक मुलगी. ऋजू म्हणजे सरळ; नाव ठेवतानाच सरांनी पोरीचं काय करायचं ते ठरवलं होतं, असं आम्ही त्यांच्या पाठीमागं म्हणायचो. विभागाच्या भिंतीवर तिच्या दातांचे दोन फोटो लावलेले होते, आधीचा आणि नंतरचा. तेरा वर्षांच्या त्या पोरीचे समोरचे दात आधीच्या फोटोत एकमेकांवर चढलेले होते आणि नंतरच्या फोटोत शहाण्यासारखे ओळीत उभे होते. नव्या पेशंटला सर पहिल्यांदा त्या भिंतीशी नेत.

"सर, चऱ्या राहिल्या म्हणजे कीड लागतेच असं कुठं सिद्ध झालंय?" मी म्हटलं. हे मी त्यांची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. यावर तेव्हाही एकमत नव्हतं, आजही नाही.

"वर्गात मी काय शिकवतो?"

"नख वाढतं, हाड जुळतं, इनॅमल गेलं की गेलं."

"मग?" सरांनी विचारलं.

आठवडा गेला. मग एक दिवस सर उत्साहानं विभागात आले. "मगदूम," म्हणाले, "आपण उपटलेल्या दातांवर प्रयोग केला. उपटलेला दात बाटलीत पडून असतो. तोंडातला दात जिवंत माणसाजवळ असतो. लाळ असते, ब्रश असतो, जेवण असतं. इतकी वर्षं गेल्यावर चऱ्या झिजून जात असतील. जुन्या पेशंटना बोलावू आणि बघू."

तोंडातला दात काही मायक्रोस्कोपखाली ठेवता येत नाही. त्यासाठी रेप्लिका करतात. दोन दातांच्या फटीत दोन दिवस बारीक रबर घालून ठेवायचं, म्हणजे दात जरासे बाजूला होतात. मग मऊ रबरी मसाल्यानं ठसा घ्यायचा, त्यात पातळ राळ ओतायची, आणि ती घट्ट झाली की दाताची हुबेहूब नक्कल हातात येते. बारीकातली बारीक चरीसुद्धा तिच्यात उतरते. नक्कल कुणाची हे बघणाऱ्याला माहीत असून चालत नाही, नाहीतर तो मनाजोगं बघतो. म्हणून ठसे सर घेणार, रेप्लिकांवर नुसती अक्षरं टाकणार आणि मी कुणाचं काय ते न कळता गुण देणार, असं ठरलं. घासण्याची पद्धत सगळ्यांना एकच, साधारण वर्षंही तेवढीच.

ऋजुता पुण्याला आर्किटेक्चर शिकत होती. दिवाळीला ती आली तेव्हा सरांनी मला जेवायला बोलावलं. मी तिला त्याआधी भिंतीवरच पाहिलेलं. प्रत्यक्षात ती फोटोपेक्षा गोड होती, पण हसताना ओठ मिटून हसायची. मला ते गमतीचं वाटलं. इतके सुंदर दात असलेली मुलगी ते झाकून ठेवत होती.

"ऋजू, ताठ बस," सर म्हणाले.

ती ताठ बसली.

"एका बाजूनं चावू नकोस."

तिनं घास दुसऱ्या गालात घेतला आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवले. "स्वरूपाताई, तुमच्या विभागातसुद्धा असंच असतं का?"

"आमच्याकडे तर चावायलाच मिळत नाही," मी म्हटलं. ती हसली, ओठ मिटूनच.

ऋजुताच्या आईनं, म्हणजे काकूंनी, पुरणपोळ्या केल्या होत्या. ऋजुतानं माझ्यापेक्षा जास्त खाल्ल्या. मी तर हसूर गावची, आमच्या घरी बायकाही गड्यांच्या बरोबरीनं जेवतात, तरी मी थक्क झाले.

"खाते हो चांगली," काकू कौतुकानं म्हणाल्या. "पण अंगाला लागेल तर शपथ. वडिलांवर गेलीय."

"मार्कांचं काय?" सर म्हणाले. "पुन्हा दुसरा वर्ग. खाण्यात पहिली येते, अभ्यासात येत नाही."

त्यांनी हे चेष्टेनं म्हटलं होतं. सगळे हसले, तीही हसली. मग ती हात धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. फोनवर असेल, असं मला वाटलं. आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते. काकू म्हणाल्या, झोपत नाहीस तू पुरेशी.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचा ठसा घेतला. मी तेव्हा तिथं नव्हते, असायचंही नव्हतं.

रेप्लिका घेऊन मी यष्टीनं विद्यापीठात गेले. त्यांच्यावर सोन्याचा पातळ थर चढवावा लागतो, त्याशिवाय ते यंत्र बघत नाही. तो चढवून झाला आणि मी एकेक बघायला लागले. पहिलीत चऱ्या होत्या. दुसरीत होत्या, जरा बोथट झालेल्या. तिसरीत, चौथीत, सगळ्यांत होत्या. मी निमूटपणे गुण मांडत होते आणि सरांना काय सांगायचं याचा विचार करत होते. मग एक रेप्लिका आली आणि पडद्यावर चरीच दिसेना. मी इकडून तिकडं सरकवलं, वर नेलं, खाली नेलं. सगळं सपाट होतं, कुठं ओरखडासुद्धा नव्हता. ज्याच्यावर कधी डिस्क फिरली नाही तो दातही इतका गुळगुळीत नसतो.

मी खरंच ओरडले. यंत्र चालवणारे गृहस्थ दचकले.

परत येऊन मी सरांच्या पुढ्यात गुण ठेवले आणि ते अक्षर सांगितलं. सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, उघडला आणि माझ्यापुढं सरकवला. त्या अक्षरापुढं ऋजुताचं नाव होतं.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी शिपायाला पेढे आणायला पिटाळलं आणि आम्हा सगळ्यांसमोर तिला फोन लावला. "ऋजू, तू पहिली आलीस! अगं, तुझे दात पहिले आले! एकसुद्धा चरी नाही. मी काय सांगत होतो, नीट घासलं, नीट राखलं की तोंड आपलं आपण भरून काढतं." पलीकडून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. सर मात्र हसत होते, आणि फोन ठेवल्यावरही हसत राहिले. मलाही फार आनंद झाला होता. इतका चांगला आनंद त्या विभागात मी पुन्हा कधी बघितला नाही.

एकच गोष्ट मला खुपत होती. पद्धत तीच, वर्षं तेवढीच, मग तिचेच दात असे का? सरांना विचारलं तर म्हणाले, "घरची शिस्त." उत्तर पटण्यासारखं होतं. पण प्रबंधात 'घरची शिस्त' लिहिता येत नाही. शिवाय छापायला जास्त मोठ्या केलेल्या प्रतिमा हव्याच होत्या. म्हणून मी पुन्हा विद्यापीठात गेले.

चऱ्या बघायच्या तर फार मोठं करून बघावं लागत नाही, म्हणून आधी आम्ही तेवढंच केलं होतं. या वेळी मी तो सपाट भाग आणखी जवळ आणला, आणखी जवळ, आणि पडद्यावर जाळी दिसायला लागली. मधाच्या पोळ्यासारखी, घराला घर लागून.

ती जाळी मला ओळखायला वेळ लागला नाही. तारेची खुंटी दातावर चिकटवण्याआधी आम्ही दातावर निळं जेल लावतो. ते जेल म्हणजे आम्ल असतं. मिनिटभरात ते इनॅमल विरघळवतं, दात खरबरीत करतं आणि मग खुंटी पकड घेते. मायक्रोस्कोपखाली तसा दात नेमका असा दिसतो. पुस्तकात मी तो शंभरदा पाहिला होता. मला वाटलं, गडबड झाली. ठसा घेण्याआधी कुणीतरी चुकून जेल लावलं.

मग मी तीच रेप्लिका उलटी करून वरच्या दातांची मागची बाजू बघितली. जीभ जिकडे लागते ती. तिथं इनॅमल जवळजवळ नव्हतं. दात आतून खळगा पडल्यासारखे झाले होते, आणि तिथं आम्ही कधी जेल लावत नाही.

चऱ्या भरून आल्या नव्हत्या. त्यांच्या आजूबाजूचं सगळंच विरघळून त्यांच्या तळापर्यंत खाली आलं होतं. वरच्या दातांना आतून इतकं आम्ल कशानं लागतं, हे दंतवैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात असतं. जी माणसं भरपूर खातात आणि मग कुणाला न कळता सगळं ओकून टाकतात, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं, त्यांचे दात असे होतात. मला त्या पुरणपोळ्या आठवल्या. येताना यष्टीत मी खिडकीशी बसून रडले. शेजारच्या बाईनं मला आल्याची वडी दिली, तिला वाटलं गाडी लागलीय.

सरांना मी सरळ विचारलं. "सर, तो ठसा घेताना आधी जेल लावलं होतं का?"

"ठसा मी घेतलाय," सर म्हणाले. "मी असली चूक करीन का?"

मी फोटो पुढं ठेवले. आधी जाळीचा, मग मागच्या बाजूचा. सर बघत राहिले.

"लिंबू खाते ती," ते म्हणाले. "चिंच खाते. लहानपणापासून."

"चिंचेनं वरचे दात आतून असे जात नाहीत सर."

"कोल्ड्रिंक पितात ही पोरं. हॉस्टेलवर काय, दिवसभर तेच."

"सर, ती जेवल्यावर..."

"मगदूम."

"सर, ती आजारी आहे. दात राहू देत, पण याच्यात रक्तातले क्षार कमी होतात. हृदय बंद पडू शकतं. तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायला पाहिजे, आत्ताच."

"माझी मुलगी आहे ती," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "तिच्या तोंडात मी तुझ्यापेक्षा जास्त बघितलंय."

सरांनी खिशातून तो घडीचा कागद काढला, ऋजुताच्या नावावर पेनानं रेघ मारली आणि कागद परत खिशात ठेवला. तो दात प्रबंधातून बाद झाला. सरांनी जे काही मान्य केलं ते एवढंच.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला बोलावून घेतलं. माझ्या मनात आशा आली. मला वाटलं, घरी विचारतील, बोलतील. सरांनी तिला विभागातल्या खुर्चीत बसवलं आणि वरच्या दातांच्या मागची बाजू भरायला घेतली. मदतीला मी होते. दाताच्याच रंगाचा मसाला थर थर करून लावायचा, निळ्या उजेडानं घट्ट करायचा, आकार द्यायचा. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काम बघितलेलं नाही. गेलेलं इनॅमल जिथं जेवढं होतं तिथं तेवढं त्यांनी बसवलं. कडा कुठं आहे हे जिभेलाही कळू नये असं पॉलिश केलं. मध्येच डीनसाहेबांचा निरोप आला म्हणून ते बाहेर गेले, तेव्हा तिनं तोंडातला कापूस काढला.

"ताई, तुला दिसलं ना?"

"दिसलं."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

मला खोटं बोलता आलं नाही. "चिंच खाते म्हणाले."

ती खुर्चीत मागं टेकली आणि हसली. या वेळी ओठ उघडून. "मला चिंच आवडतसुद्धा नाही."

मी तिचा हात धरला. पुण्यातल्या एका डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं, त्यांच्याशी मी आधीच बोलले होते. फीचं बघू नकोस म्हटलं, मी सोबत येते म्हटलं, याच्यात जीव जातो हेसुद्धा सांगितलं. ती ऐकत होती, अगदी शहाण्यासारखी.

"त्या दिवशी बाबांचा फोन आला ना," ती म्हणाली, "मी हॉस्टेलच्या जिन्यात होते. तू पहिली आलीस म्हणाले. मला आधी वाटलं, परीक्षेचंच काहीतरी आहे. मग म्हणाले दात. तरी मला बरं वाटलं ताई. किती मूर्ख आहे बघ मी. का पहिली आले ते मला माहीत होतं, तरी दिवसभर बरं वाटत होतं."

"ऋजुता, जाशील ना त्या बाईंकडे?"

"जाईन."

"खरंच?"

"बाबा म्हणाले तर जाईन," ती म्हणाली. तेवढ्यात सर आले आणि तिनं मुकाट्यानं तोंड उघडलं.

मी काकूंकडेही गेले. मला माहीत होतं की हे माझं काम नाही, पण ज्यांचं काम होतं त्यांना ते कळत नव्हतं. काकूंनी ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलंय मला, दातांचं काहीतरी झालंय म्हणून. पण आता भरलेत ना सगळे? छान झालेत. मी बघितले." मी पुन्हा सांगितलं, आणखी स्पष्ट. काकू म्हणाल्या, "अगं, लग्नाची मुलगी आहे. असलं डॉक्टरचं नाव कुठं निघालं तर?" मग त्यांनी मला चहा दिला आणि सोबत लाडू दिला, आणि तो मला त्यांच्यासमोर खावा लागला.

मला सरांचा राग आला होता, अजूनही येतो. पण ते वाईट नव्हते. मुलीवर त्यांचा जीव होता. तिचं जे बिघडलंय ते त्यांनी स्वतःच्या हातांनी, त्यांना येत होतं तेवढं सगळं लावून दुरुस्त केलं होतं. आणि आता तिच्या दातांकडे बघून कुणालाच काही कळलं नसतं, मलासुद्धा नाही.

मी पुण्याला तिला फोन करत राहिले. कधी ती उचलायची, कधी नाही. उचलला की छान बोलायची, माझीच विचारपूस करायची. त्या डॉक्टर बाईंकडे ती एकदा गेली. बाईंनी तिला वडिलांना घेऊन यायला सांगितलं. सरांना त्या वेळी परिषदेला जायचं होतं. नंतर बघू म्हणाले. नंतर ती स्वतःही गेली नाही. पुढं पुढं तिचं फोन उचलणं कमी झालं आणि माझी परीक्षा आली.

परीक्षा संपून मी त्याच विभागात नोकरीला लागले होते. सकाळी पेशंट बघत असताना फोन आला. हॉस्टेलवर ती बाथरूममध्ये पडलेली सापडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पोटॅशियम खूप खाली गेलं होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. एकविसावं वर्ष चालू होतं तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरी आणलं. बैठकीच्या खोलीत घोंगडीवर ठेवलं होतं. खोली माणसांनी भरलेली होती. सर भिंतीला टेकून बसले होते, कपडे इस्त्रीचे, कारण बिनइस्त्रीचे त्यांच्याकडे नव्हतेच. काकू लेकीच्या डोक्याशी होत्या. त्यांच्या हातात गंगाजल घातलेलं फुलपात्र होतं आणि ते कुणीतरी त्यांच्या हातात दिलंय हेही त्यांना कळत नव्हतं.

"वडिलांनी पाणी घालावं," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "आणि तुळशीपत्र. तोंड उघडत नसेल तर ओठाला लावलं तरी चालतं."

सर उठले आणि तिच्या उशाशी, काकूंच्या शेजारी बसले. तुळशीचं पान त्यांनी बाजूला ठेवलं. मग तिची हनुवटी वर केली, डोकं मागं कलवलं आणि दोन्ही अंगठे ओठांच्या कोपऱ्यातून आत, मागच्या दाढांवर ठेवले. जबडा घट्ट झाला होता. त्यांनी घाई केली नाही. हळूहळू दाबत गेले आणि तोंड उघडलं.

"उजेड," सर म्हणाले.

कुणाला कळलं नाही. त्यांचा भाऊ खिडकी उघडायला गेला. मला कळलं. मी पर्समधला पेनटॉर्च काढला, त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि नेहमीसारखा वरच्या दातांच्या मागं उजेड धरला.

सर वाकून बघत होते. मीही बघत होते. त्यांनी भरलेलं सगळं जागेवर होतं. एक कपचासुद्धा निघाला नव्हता. पण भरताना जी कडा जिभेलाही कळत नव्हती ती आता नुसत्या डोळ्यांना दिसत होती. मसाला आम्लात विरघळत नाही, दात विरघळतो. भरलेला भाग तेवढा वर उभा राहिला होता आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी दात खाली गेला होता.

"म्हणजे थांबली नव्हती," सर मला म्हणाले.

"नाही सर."

"नंतरसुद्धा."

"हो सर."

त्यांनी मान हलवली. पुष्कळ वेळ ते तसेच वाकलेले होते. मागं कुणीतरी खोकलं. मग सरांनी तुळशीचं पान उचलून तिच्या जिभेवर ठेवलं, अंगठे काढून घेतले, खालचा ओठ वर सारखा केला आणि ओठांचा कोपरा बोटानं पुसला. खुर्चीतल्या पेशंटचा पुसतात तसा. मग तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

"झालं हं, ऋजू," ते म्हणाले. "चूळ भर."

काकूंनी हातातलं फुलपात्र पुढं केलं.